दगडफुलांचे मानकरी

झेनोबिया कालिसाया विभागप्रमुख झाली ती खिडकी लावायला उठली म्हणून.

मार्चमधली विभागाची बैठक चालू होती. सान क्रिस्पिनच्या पठारावर वारा सुटला की बाहेरचा धुरळा आत आणि आतले कागद बाहेर. वाळवलेल्या वनस्पतींच्या खोलीची खिडकी धाडधाड आपटायला लागली, तशी झेनोबिया "आलेच" म्हणून उठली. ते "आलेच" कुणाला ऐकू गेलं नाही. तिचं शिकवणं दुसऱ्या बाकाच्या पुढं जात नाही, ही ख्याती सव्वीस वर्षांची होती. खिडकीची कडी मोडलेली निघाली. तिनं सुतळी शोधली, खिडकी बांधली, परत आली, तर सगळे टाळ्या वाजवत होते. तिनंही वाजवल्या.

"कुणासाठी?" तिनं शेजारच्या ग्रोवर पोमाला विचारलं. ग्रोवर मृदाशास्त्र शिकवायचा.

"तुमच्यासाठी. अभिनंदन, प्रमुखबाई."

या विद्यापीठात प्रमुख मतांनी निवडतात, आणि मत नेहमी जो खोलीत नसेल त्याला पडतं. म्हणून बैठकीच्या दिवशी सकाळपासून कुणी पाणीसुद्धा पीत नाही. झेनोबियानं सव्वीस वर्षं कोरड्या घशानं काढली होती.

"पण मी हो कुठं म्हटलं?"

"नाही पण म्हटलं नाहीत."

"मी खोलीत नव्हते, ग्रोवर."

"तेच तर. विरोधाची नोंद नाही." आणि मग जरा हळू, "बाई, मीसुद्धा उठणारच होतो. खिडकीनं तुम्हाला आधी हाक मारली."

माणूस कसा घडतो ते त्याच्या घरातल्या आवाजावर असतं. झेनोबियाची आई बाजारात गोठवून वाळवलेले बटाटे विकायची. तिची हाळी तीन गल्ल्या ओलांडून जायची. नवरा एउसेबिओ मिरवणुकीच्या बँडमध्ये ट्यूबा वाजवतो, आणि सराव घरातच करतो. आई ओरडणारी, नवरा वाजवणारा. मधल्या मध्ये गप्प बसण्याची जागा रिकामी होती, ती झेनोबियानं घेतली. तिला ती आवडली. शिकायला गेली तेव्हाही तिनं असा विषय निवडला जो उलट बोलत नाही आणि ज्याला कसलीही घाई नाही. दगडफूल.

गावापासून दोन तासांवर, जिथं मिठागराकडं जाणारा रस्ता संपतो, तिथं एका घराएवढा काळा खडक आहे. त्याच्यावर दगडफुलांचे पिवळट हिरवे ठिपके आहेत, नाण्याएवढे, काळ्या किनारीचे. झेनोबियानं त्यातल्या एकोणीस ठिपक्यांना क्रमांक दिले आणि बावीस वर्षं, दरवर्षी तीन ऑगस्टला, भर दुपारी, व्हर्नियर लावून त्यांची रुंदी मोजली. वर्षाला पाव मिलिमीटर वाढलं तर चांगलं वर्ष. दिवस तोच लागतो, कारण ऑगस्टात हवा ठणठणीत कोरडी असते. दगडफूल ओलं झालं की फुगतं आणि आकडा खोटा पडतो. आणि एक वर्ष चुकलं की माळेचा दोरा तुटला. मग उरतात ते नुसते मणी. हे तिनं एउसेबिओला एकदा समजावलं होतं. तो म्हणाला होता, "म्हणजे बावीस वर्षांत सगळं मिळून माझ्या नखाएवढं?" ती म्हणाली होती, "करंगळीच्या."

आता प्रमुखपद. ते तिनं निमूट स्वीकारलं असतं, पण त्याच वर्षी नवा नियम निघाला: प्रशासकीय पदावरच्या प्राध्यापकांनी नेतृत्व विकासाचा अभ्यासक्रम उत्तीर्ण केल्याशिवाय त्यांची सही चालणार नाही. अभ्यासक्रम होता जुलैअखेर. तोवर विभागात कुणाचीच सही चालत नव्हती. कार्यालयातली फिलोमेना येणारा प्रत्येक कागद खिडकीत एकावर एक ठेवायची.

"रास केवढी झाली?" झेनोबिया विचारायची.

"वर बसले तर पाय लोंबतात आता," फिलोमेना म्हणायची.

मग तारखा आल्या. सोमवार तीस जुलै ते शुक्रवार तीन ऑगस्ट. हजेरी शंभर टक्के.

झेनोबिया प्र-कुलगुरूंकडं गेली. इंजिनिअर वाल्तेर आन्तेसाना, भारदस्त माणूस. बसलेला असला तरी कोनशिला बसवायला आल्यासारखा दिसायचा.

"शुक्रवारी मला रजा हवी," ती म्हणाली.

"काय?"

"शुक्रवारी. रजा."

"हां. विभागप्रमुखांमार्फत अर्ज करा."

"विभागप्रमुख मीच आहे."

"मग सोपं आहे. मंजूर करून सही करा."

"माझी सही चालत नाही. प्रमाणपत्र नाही."

"मग प्रमाणपत्र घ्या."

"ते शुक्रवारी मिळणार."

प्र-कुलगुरूंनी थोडा विचार केला. तो फेरा त्यांनाही दिसला, पण त्यात पाय घालायला ते तयार नव्हते. "बाई, पुढच्या वर्षी आधी सांगत जा," ते म्हणाले.

अभ्यासक्रमाला तरतूद नव्हती, म्हणून इकडच्या रिवाजाप्रमाणं मानकरी नेमले. इथं बारसं असो, लग्न असो की संडासाचं उद्घाटन, प्रत्येक गोष्टीला एक मानकरी लागतो. केकचा मानकरी, पडद्याचा मानकरी, फुग्यांचा मानकरी. ज्याला विचारलं त्यानं खर्च उचलायचा आणि वर धन्यवाद द्यायचे. नाही म्हणणाऱ्याची नामुष्की त्याची नातवंडं फेडतात. विधी विभागाचे प्रमुख खुर्च्यांचे मानकरी झाले, लेखा विभागाचे प्रोजेक्टरचे. झेनोबिया रंगीत खडूंची मानकरीण होती. शिकवायला आला येर्को सुआरेझ, खालच्या गरम मुलखातला पोरगेलेसा माणूस, पातळ कोटात. सोमवारी सकाळी तो व्यासपीठावर चढला आणि तिथंच टेकला. इतक्या उंचीवर हवा विरळ असते, ते कोटाला माहीत नव्हतं.

"पोरा, आधी कोकाचा चहा पी," फिलोमेना म्हणाली. "मग नेतृत्व कर."

चहा पिऊन येर्कोनं विचारलं, नेता म्हणून तुम्ही कोणता प्राणी आहात? बारा प्रमुख होते. नऊ जण म्हणाले, कोंडोर गिधाड. दोघं म्हणाले, पुमा. विधी विभागाच्या कोंडोरनं बाजूच्या कोंडोरला सांगितलं की मी आधी म्हणालो होतो. मग झेनोबियाची पाळी आली.

"दगडफूल," ती म्हणाली.

"जरा मोठ्यानं."

"दगडफूल म्हणाली," पुढच्या पुमानं मागं कळवलं.

"तो प्राणी नाही, डॉक्टरबाई."

"वनस्पतीही नाही. अर्धी बुरशी, अर्धं शेवाळ. एकटं कुणीच जगत नाही."

येर्कोनं फळ्यावर मोठ्या अक्षरात 'संघभावना' लिहिलं आणि तिच्याकडं असं पाहिलं की जणू तिनं त्याला प्राणवायू दिला. त्या दिवसापासून तो प्रत्येक उदाहरण तिच्यावरून द्यायला लागला. तिला ते अवघड झालं.

मंगळवारी 'अवघड संवाद'. त्यासाठी फिलोमेनाला वर बोलावलं.

"तुम्ही कामचुकार कर्मचारी व्हा," येर्को म्हणाला.

"नाटकच करायचं तर मी कुलगुरू होते की."

"नाही, भूमिका ठरलेली आहे. तुमचा अहवाल रखडलाय. बाई तुम्हाला जाब विचारतील."

"अहवाल खरंच रखडलाय," फिलोमेना म्हणाली. "मग नाटक कशाला?"

झेनोबिया समोर उभी राहिली. "फिलोमेनाबाई, तो अहवाल, म्हणजे झाला असेल तर..."

"नाही झाला."

"बरं."

"बरं नाही," येर्को म्हणाला. "ठाम राहा. डोळ्यांत डोळे घालून बोला."

झेनोबियानं फिलोमेनाच्या डोळ्यांत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "तुमचा उजवा डोळा लाल झालाय."

"तीन दिवस झाले. वाऱ्यानं."

"कॅमोमाइलच्या फुलांचं पाणी लावा. उकळून, गार करून."

"लावते."

"झालं," झेनोबिया येर्कोला म्हणाली आणि खाली बसली. दोन्ही पुमा हसले. संध्याकाळी अहवाल टेबलावर होता. "बसून बसून डोळा शेकत होते," फिलोमेना म्हणाली, "दुसरं काय करणार."

बुधवारी येर्कोनं मधली सुट्टी साडेअकराला ठेवली. दहा वाजता बाराच्या बारा प्रमुख आणि प्र-कुलगुरू काही न बोलता उठले, रांगेनं जिना उतरले आणि कोपऱ्यावरच्या गाडीशी जाऊन साल्तेन्या खाऊ लागले. आत रस्सा असलेली ती गोडसर करंजी दहाला खायची, अकराला संपते. येर्को खिडकीतून बघत राहिला. ती लोकं परतली तेव्हा त्यानं वहीत लिहून घेत विचारलं, "आत्ता नेतृत्व कुणी केलं?"

"कशाचं?" प्र-कुलगुरूंनी विचारलं. त्यांच्या मिशीवर रस्सा होता.

तेव्हापासून येर्को जरा खचला. गुरुवारी जिन्यात झेनोबियानं त्याला गाठलं, तेव्हा तो पायरीवर बसून बोटांवर फुंकर घालत होता.

"उद्या मला खडकापाशी जायचंय," ती म्हणाली आणि तिनं सगळं सांगितलं. बावीस वर्षं, एकोणीस ठिपके, कोरडी हवा. आयुष्यात इतकं सलग ती नवऱ्याशीही बोलली नव्हती. जिन्यात वारा नव्हता, म्हणून ऐकू गेलं.

"हजेरी शंभर टक्के लागते, डॉक्टरबाई. नियम माझा नाही."

"माहीत आहे."

"पण हजेरी कुठं लागते ते लिहिलेलं नाही." येर्को उठला. "उद्याचा वर्ग खडकापाशी घेऊ. उघड्या हवेत शिक्षण. माझ्याकडं त्याची चित्रफीतसुद्धा आहे."

प्र-कुलगुरूंना ही कल्पना फार आवडली, आणि तिथंच घोटाळा झाला. कारण शुक्रवार हा ऑगस्टचा पहिला शुक्रवार. ऑगस्टात धरतीमायला भूक लागते. पहिल्या शुक्रवारी तिला पाजल्याशिवाय कुणी दुकान उघडत नाही, की गाडी काढत नाही. "विद्यापीठाचा पंचवार्षिक आराखडा घेऊन जाऊ," ते म्हणाले, "त्या खडकावर ठेवू, आणि आराखड्यावर आणि खडकावर बिअर उडवू. त्या माळावर दुसरं आहे काय उंच? बिअरचा मानकरी कोण?"

"ग्रोवर पोमा," कुणीतरी म्हणालं. ग्रोवर त्या वेळी खोलीत नव्हता.

झेनोबिया "पण" म्हणाली. कुणीही ऐकलं नाही.

रात्रभर तिला एकच दिसत होतं, फेस. बाटली अंगठ्यानं दाबून हलवायची आणि सोडायची, असा तो प्रकार. दहा पावलांवरचं कुत्रंसुद्धा भिजतं. ती स्वतःही दरवर्षी मोजणी झाली की खडकाच्या पायथ्याशी मातीत दोन थेंब सांडत आलेली. तसं तिला त्यात वावगं काही वाटत नव्हतं. फक्त मोजणी आधी, थेंब नंतर. आधी फेस उडाला तर एकोणीस फुगलेले ठिपके, एकोणीस खोटे आकडे, आणि तो बावीस वर्षांचा दोरा तिच्याच विद्यापीठाच्या हातून तुटणार.

शुक्रवारी बस पोचायला पावणेबारा झाले. लोकं उतरली. प्र-कुलगुरूंनी रिबिनीत बांधलेला आराखडा खडकाच्या खाचेत ठेवला, क्रमांक चारच्या डोक्यावर. कुणीतरी कागदाचे तुकडे उधळायला काढले. ग्रोवरनं पेटी फोडली, प्रत्येकाच्या हातात बाटली दिली आणि स्वतःची हलवायला लागला.

"थांबा," झेनोबिया म्हणाली.

वारा होता.

"बाराच्या ठोक्याला," प्र-कुलगुरू म्हणाले. "धरतीमाय वाट बघत नाही. येर्को, मोजा."

"दहा," येर्को म्हणाला. त्याचे दात वाजत होते. "नऊ."

झेनोबियानं प्र-कुलगुरूंची बाही धरली. काय बोलायचं ते तिला माहीत नव्हतं. पाच दिवसांच्या टिपणांत तिनं ते मनातल्या मनात शोधलं आणि काही सापडलं नाही. तोंडात आलं ते बाजारातलं, आईच्या पोत्यांमागचं.

"इंजिनिअरसाहेब, सात नंबरचे मानकरी तुम्ही."

'मानकरी' हा शब्द इकडं कुजबुजला तरी माळापार जातो. येर्को आठवर थांबला. ग्रोवरची बाटली हवेत राहिली.

"कशाचा?" प्र-कुलगुरूंनी विचारलं.

"ह्याचा." तिनं बोट ठेवलं. पिवळट हिरवा ठिपका, त्यांच्या खांद्याच्या उंचीवर.

"काय द्यावं लागेल?"

"आडोसा. मी मोजेपर्यंत कोरडं ठेवायचं."

त्यांच्या आयुष्यात इतकं स्वस्त मानकरीपण त्यांना कुणी दिलं नव्हतं. त्यांनी हॅट काढली आणि दोन्ही हातांनी ठिपक्यावर धरली. "माझा मान आहे, आभारी आहे," ते म्हणाले. तसं म्हणायचंच असतं. मग ग्रोवरकडं वळले. "ती बाटली लांब घे. लांब घे म्हटलं ना."

"आणि आम्ही?" विधी विभाग दुखावला. "आम्ही काय खुर्च्याच द्यायच्या?"

"तुम्ही अकरा नंबर," झेनोबिया म्हणाली. "लेखा विभाग, चार. तो आराखडा आधी उचला. येर्को, नऊ. फिलोमेनाबाई, दोन आणि तीन."

"दोन्ही माझेच?"

"शेजारी आहेत. भांडत नाहीत."

पाच मिनिटांत खडकाभोवती रिंगण झालं. नऊ कोंडोर आणि दोन पुमा दगडाला चिकटून उभे, कुणी हॅट धरून, कुणी पदवीदानाचा डगला पसरून. बसच्या चालकाच्या वाट्याला तीन आले. तो सगळ्यात वाकबगार निघाला. उरलेला एक ग्रोवरला मिळाला आणि त्याला बाटल्यांची पेटी स्वतःच शंभर पावलं लांब नेऊन ठेवावी लागली, कारण आता त्याच्या ठिपक्याच्याही जवळ ती नको होती.

झेनोबिया व्हर्नियर घेऊन एकेकापाशी गेली. प्रत्येक मानकरी श्वास रोखून उभा. ती आकडा पुटपुटायची, वहीत लिहायची.

"वाढलं का?"

"पॉइंट दोन."

"चांगलं आहे का?"

"चांगलं आहे."

विधी विभागाचं पॉइंट सहा निघालं. त्यांनी आजूबाजूला पाहिलं. दोन जणांनी हात मोकळे नव्हते म्हणून पाय आपटून दाद दिली. येर्कोचं पॉइंट एक. तो रडवेला झाला, थंडीनंही असेल.

मग सात. झेनोबियानं मोजलं, पुन्हा मोजलं, वहीत मागचं पान पाहिलं. "गेल्या वर्षी तेवीस पॉइंट चार. यंदा तेवीस पॉइंट चार."

"म्हणजे?"

"शून्य."

प्र-कुलगुरूंची हॅट जरा खाली आली. "परत मोजा."

तिनं मोजलं.

"यंत्र गार पडलंय तुमचं."

"सगळ्यांना हेच लावलं."

"बाई," ते हलक्या आवाजात म्हणाले, आणि तो आवाज त्यांचा नव्हताच, "पॉइंट दोन लिहा. कुणाचं काय जातंय? ह्या खुर्च्यावाल्याचं पॉइंट सहा आणि माझं शून्य, ही काय शोभा आहे?"

"वाईट नाही ते. कधी कधी थांबतं."

"बाई, प्रमाणपत्रांवर सही माझी आहे. बारा प्रमाणपत्रं बसमध्ये आहेत."

झेनोबियानं पेन धरलं होतं. पॉइंट दोन. डोळ्यांना दिसणारही नाही एवढं. कुणी कधी तपासणार नाही. तिची सही चालायला लागेल, खिडकीतली रास उतरेल, पुढच्या वर्षी गाडी मिळेल. तिनं बावीस आकड्यांच्या खाली तेवीस पॉइंट चार लिहिलं, आणि शाई वाळायला वहीवर फुंकर घातली.

"लिहिलं?" प्र-कुलगुरूंनी विचारलं.

"लिहिलं."

त्यांनी वाकून पाहिलं. हॅट डोक्यावर घातली. मग शंभर पावलं चालत गेले, एक बाटली उचलली, तिथल्या मातीतच ओतली, आणि धरतीमायशी तक्रारीच्या सुरात काहीतरी बोलले. बाकीचे मात्र अठरा ठिपके मोजून होईपर्यंत जागचे हलले नाहीत. त्यानंतर जो काही फेस उडाला त्यात आराखड्याची शाई पसरली, पण ती प्रत एकच नव्हती.

बसमध्ये प्रमाणपत्रं वाटली. अकरा जणांच्या कागदावर 'उत्तीर्ण'. झेनोबियाच्या कागदावर 'उत्तीर्ण' खोडून 'उपस्थित'.

"साहेब, हे बरोबर नाही," येर्को म्हणाला. "आज जे झालं तेच तर मी पाच दिवस..."

"पोरा, घोंगडी घे आणि गप्प बस," फिलोमेना म्हणाली. मग तिनं प्र-कुलगुरूंना विचारलं, "म्हणजे बाईंची सही चालणार नाही?"

"नाही."

"आणि प्रमुख बदलायचा तर बैठक?"

"तीन वर्षांनी."

"मग आमच्या विभागाच्या सह्या?"

प्र-कुलगुरूंनी खिडकीबाहेर पाहिलं. "मी करीन," ते तिरसटपणे म्हणाले.

सोमवारी फिलोमेनानं खिडकीतली सगळी रास हातगाडीवर घालून प्र-कुलगुरूंच्या दालनात नेली. मग दर सोमवारी नेऊ लागली. एवढा कागद वाचायला त्यांना वेळ नव्हता, म्हणून ते सरसकट सह्या करायचे. विभागाला दोन सूक्ष्मदर्शक आले, वनस्पतींच्या खोलीला कडी आली. ग्रोवर म्हणायचा, असा प्रमुख झाला नाही. झेनोबिया खोलीत बसून लेबलं लिहायची.

त्या वर्षभरात प्र-कुलगुरू तिच्याशी चार वेळा बोलले, चारही वेळा जिन्यात. "काही कळलं का?" ते विचारायचे. ती म्हणायची, "ऑगस्टात." विधी विभागाचे प्रमुख जेवणाच्या टेबलावर पॉइंट सहा हा आकडा कुठंही आणायचे, अगदी मिरचीच्या तिखटपणातसुद्धा.

पुढच्या वर्षी तीन ऑगस्टला सकाळी झेनोबिया डबा बांधत होती, एउसेबिओ आतल्या खोलीत ट्यूबा फुंकत होता, आणि दारात गाडी थांबली. प्र-कुलगुरू उतरले. लोकरी टोपी, काखेत ताडपत्री.

"परवा तिकडं भुरभुरलं म्हणे बर्फ," ते म्हणाले. "मी काल जाऊन झाकून येणार होतो. मग म्हटलं, तुम्हाला न विचारता नको."

"बरं केलंत. झाकायचं नाही, ओल कोंडते."

"नाही झाकलं." त्यांनी तिच्यासाठी गाडीचं दार उघडलं. "बाई, वाढलं असेल ना?"

"मोजल्यावर कळेल," झेनोबिया म्हणाली, आणि व्हर्नियरची पेटी मांडीवर घेऊन बसली.